आत रूट असूनही माउंट का अडतो: यूजर नेमस्पेस आणि फाइलसिस्टिमचे हक्क

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या लॅबमधला एक सामायिक लिनक्स सर्व्हर. विद्यार्थी त्यावर रूटलेस पॉडमन (रूटचे हक्क न घेता कंटेनर, म्हणजे वेगळं राखलेलं वातावरण, चालवणारं साधन) वापरतात, काही जण डॉकर कंटेनरच्या आत पुन्हा स्वतःचा सँडबॉक्स उघडतात. आत गेल्यावर आयडी ० दिसतो, म्हणजे रूट. टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) विनातक्रार माउंट होतो, म्हणजे डिरेक्टरीवर जोडला जातो. प्रॉक (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) एके ठिकाणी होतो आणि दुसरीकडे "ऑपरेशन नॉट परमिटेड" येतं. ईएक्सटी४ची, म्हणजे डिस्कवरच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमची, इमेज कुठेच होत नाही. ओव्हरले (डिरेक्टरींचे थर एकावर एक ठेवणारी फाइलसिस्टिम) जुन्या मशीनवर होत नव्हता, नव्यावर होतो. याला काही नियम आहे का, आणि अ‍ॅडमिनने साध्या यूजरना हे सगळं करू द्यावं का?

नियम आहे. कर्नलला मुख्यतः दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. ही फाइलसिस्टिम जे दाखवणार आहे ते कोणाच्या मालकीचं आहे? आणि ती उभी करण्यासाठी कर्नलला जे बाइट वाचावे लागतील ते कोणी लिहिले? तुमचा आतला आयडी ० असल्याने यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तुम्हाला आलेले सगळे अनुभव या दोन प्रश्नांनी उलगडतात, म्हणून क्रमाने जाऊ.

यूजर नेमस्पेस म्हणजे आयडी आणि हक्कांचं कर्नलने दिलेलं वेगळं विश्व: आत तुम्ही रूट, बाहेर साधे यूजर. साध्या यूजरला ती बनवता यायला लागली लिनक्स ३.८ मध्ये, फेब्रुवारी २०१३ ला. त्यामागचं मोठं काम एरिक बीडरमन यांचं. नेमस्पेस बनवणाऱ्याला आत सगळ्या कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांचे सुटे तुकडे) मिळतात, माउंटसाठी लागणारी कॅप-सिस-अ‍ॅडमिनसुद्धा. पण त्या चालतात फक्त त्या यूजर नेमस्पेसच्या मालकीच्या वस्तूंवर. माउंट, पीआयडी, नेटवर्क, आयपीसी, सीग्रुप या प्रत्येक नेमस्पेसला एक मालक यूजर नेमस्पेस असते, आणि परवानगी तपासताना कर्नल त्या मालकाकडे बघतो. तुमची माउंट नेमस्पेस तुमची, म्हणून आधीपासून असलेल्या डिरेक्टरीचा बाइंड माउंट (तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणं) तुम्हाला करता येतो. नवी फाइलसिस्टिम उभी करणं ही मात्र वेगळी पायरी आहे. तिथे प्रत्येक फाइलसिस्टिमच्या नोंदीत एफएस-यूजरएनएस-माउंट हा फ्लॅग आहे का, हे बघितलं जातं. फ्लॅग नसेल तर मूळ नेमस्पेसमधलीच कॅप-सिस-अ‍ॅडमिन लागते आणि विषय तिथेच संपतो.

हा फ्लॅग मोजक्यांनाच आहे. टीएमपीएफएस, रॅमएफएस, प्रॉक, सिसएफएस, डेव्हपीटीएस आणि एमक्यू ही जुनी मंडळी. सीग्रुप नेमस्पेस ४.६ मध्ये आल्यावर सीग्रुप फाइलसिस्टिम त्यांत बसली. फ्यूज (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोसेसमधून फाइलसिस्टिम चालवण्याची सोय) ४.१८ (ऑगस्ट २०१८) पासून, ओव्हरले ५.११ (फेब्रुवारी २०२१) पासून आणि बिनएफएमटी-मिस्क ६.७ पासून. तुमच्या जुन्या आणि नव्या मशीनवर ओव्हरले वेगळा वागतो त्याचं कारण हेच. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि एनएफएस या यादीत नाहीत.

आता मालकीचा प्रश्न. टीएमपीएफएस कोणाचंच काही दाखवत नाही, कोरी मेमरी देतो, म्हणून तो सहज होतो. प्रॉक पीआयडी नेमस्पेसमधले प्रोसेस दाखवतो, तेव्हा ती पीआयडी नेमस्पेस तुमच्या यूजर नेमस्पेसच्या मालकीची असली पाहिजे. "अनशेअर --यूजर --मॅप-रूट-यूजर --माउंट" ही नव्या नेमस्पेस उघडणारी कमांड एवढीच देऊन लगेच प्रॉक माउंट करायला गेलात तर नकार येणारच, कारण पीआयडी नेमस्पेस अजून बाहेरचीच आहे. त्यात "--पिड --फोर्क" जोडावं लागतं. फोर्क विसरून चालत नाही, कारण नवी पीआयडी नेमस्पेस लागू होते ती पुढे जन्मणाऱ्या प्रोसेसना, अनशेअर करणाऱ्याला नाही. सिसएफएसची (/सिसमध्ये डिव्हाइसची माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) तीच गोष्ट नेटवर्क नेमस्पेसबाबत. रूटलेस कंटेनर होस्टच्या नेटवर्कवर चालवला की आत नवा सिसएफएस माउंट होत नाही, बाहेरच्या /सिसचा बाइंड माउंट वापरावा लागतो. एमक्यूला आयपीसी नेमस्पेस लागते. बहुतेकांची अडचण इथेच सुटते.

तुमची सुटत नाही, कारण तुम्ही पीआयडी नेमस्पेस बनवूनही डॉकरच्या आत प्रॉक अडतो म्हणता. हा भाग सावकाश बघण्यासारखा आहे.

डॉकर कंटेनर सुरू करताना /प्रॉकच्या काही भागांवर पांघरूण घालतो. /प्रॉक/केकोर, /प्रॉक/कीज, /प्रॉक/टायमर-लिस्ट अशा फाइलींवर /डेव्ह/नल बाइंड माउंट होतो, /प्रॉक/एसीपीआय सारख्या डिरेक्टरीवर रिकामा रीड-ओन्ली टीएमपीएफएस, आणि /प्रॉक/सिस, /प्रॉक/आयआरक्यू, /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर हे सगळं रीड-ओन्ली. आत बसलेल्या साध्या यूजरला नवी पीआयडी नेमस्पेस बनवून एक ताजा, उघडा प्रॉक माउंट करता आला असता, तर ही पांघरुणं निरर्थक ठरली असती. जे कोणी जाणूनबुजून झाकलं ते मागच्या दाराने उघडं पडलं असतं. म्हणून प्रॉक आणि सिसएफएससाठी कर्नलची एक जास्तीची अट आहे: तुमच्या माउंट नेमस्पेसमध्ये त्याच प्रकारचा एक तरी माउंट आधीपासून पूर्ण उघडा दिसत असला पाहिजे. तसा असेल तर नवा माउंट तुम्हाला नवं काहीच दाखवत नाही, म्हणून हरकत नाही. नसेल तर नकार.

"पूर्ण उघडा" म्हणजे काय, हेही कर्नल बारकाईने ठरवतो. जास्त हक्काच्या माउंट नेमस्पेसमधून कमी हक्काच्या नेमस्पेसमध्ये माउंट नक्कल होऊन येतात तेव्हा ते लॉक होतात, तुम्हाला सुटे सुटे काढता येत नाहीत. रीड-ओन्ली, नोसुईड, नोडेव्ह, नोएक्झेक हे फ्लॅगही तसेच लॉक होतात. प्रॉकच्या आतल्या कोणत्याही जागेवर असा लॉक झालेला माउंट बसलेला असेल तर तो प्रॉक उघडा धरला जात नाही. अपवाद एकच: खालची डिरेक्टरी कायमची रिकामी म्हणूनच बनवलेली असेल, तर वरच्या माउंटने काही झाकलं जात नाही. साध्या होस्टवर /प्रॉक/सिस/एफएस/बिनएफएमटी-मिस्कवर सिस्टिमडीचा ऑटोएफएस बसलेला असतो, तरी तिथे रूटलेस प्रॉक माउंट होतो, तो या अपवादामुळे. डॉकरमधली /प्रॉक/सिस किंवा /प्रॉक/एसीपीआय ही डिरेक्टरी तशी रिकामी नाही, म्हणून तिथे अडतं.

पण डॉकरमध्ये या अटीपर्यंत पोचण्याआधीच दोन दारं लागतात, आणि नुसत्या एररवरून कुठे अडलं ते लगेच कळत नाही. म्हणून आधी नेमकं काय पडलं ते बघा. अनशेअरच "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणत असेल तर ते डॉकरचं डीफॉल्ट सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणारं) प्रोफाइल आहे. कॅप-सिस-अ‍ॅडमिन नसलेल्या कंटेनरला ते नवी यूजर नेमस्पेस बनवू देत नाही. अनशेअर झालं पण माउंट पडला, आणि कर्नल लॉगमध्ये प्रोग्रामनिहाय परवानग्या तपासणाऱ्या अ‍ॅपआर्मरची "डिनाइड" अशी ओळ माउंट ऑपरेशनच्या नावाने दिसली, तर ते डॉकरचं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल. दोन्ही मोकळी असूनही माउंट पडतो तेव्हा /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो उघडा आणि /प्रॉकखाली कोणकोणत्या ओळी आहेत त्या वाचा. तिथे /प्रॉक/केकोर, /प्रॉक/सिस वगैरे दिसले की निदान झालं. माउंट कमांड नव्या माउंट कॉलच्या, म्हणजे एफएसओपन आणि एफएसमाउंटच्या वाटेने गेली असेल, तर कर्नल लॉगमध्ये "व्हीएफएस: माउंट टू रिव्हीलिंग" अशी स्पष्ट ओळही सापडते.

उपाय म्हणून बाहेरचा कंटेनर पांघरुणांशिवाय सुरू करता येतो. डॉकरमध्ये सिक्युरिटी ऑप्शन "सिस्टिमपाथ्स=अनकन्फाइन्ड", पॉडमनमध्ये "अनमास्क=ऑल", कुबरनेटीसमध्ये "प्रॉकमाउंट: अनमास्क्ड". कुबरनेटीस हे मान्य करताना "होस्टयूजर्स: फॉल्स" हवंच, म्हणजे पॉडला स्वतःची यूजर नेमस्पेस हवीच, असा आग्रह धरतो आणि तो अगदी बरोबर आहे. यूजर नेमस्पेस नसलेल्या कंटेनरचा रूट हा खरा आयडी ०. त्याला /प्रॉक/सिस लिहिण्यासाठी मोकळा मिळाला तर /प्रॉक/सिस/कर्नल/कोर-पॅटर्नमध्ये आपल्या प्रोग्रामचा पत्ता लिहून, एखादा प्रोसेस मुद्दाम कोसळवून, होस्टवर रूट म्हणून कोड चालवता येतो. यूजर नेमस्पेसमधला रूट होस्टवर कुठला तरी साधा, बिनहक्काचा आयडी असतो. त्या फाइलीचा मालक त्याच्या मॅपमध्येच नसतो, त्यामुळे लिहिणं तिथेच नाकारलं जातं. तेव्हा पांघरूण काढायचंच असेल तर आधी यूजर नेमस्पेस द्या. उलट क्रमाने कधीच नाही, प्रोडक्शनवर तर नाहीच नाही.

साधा यूजर जे माउंट करतो त्याने बाहेरच्याला धोका होऊ नये, यासाठीची तजवीज ४.८ मध्ये, म्हणजे २०१६ साली पक्की झाली. प्रत्येक सुपरब्लॉकवर (फाइलसिस्टिमच्या मूळ नोंदीवर) तो कोणत्या यूजर नेमस्पेसचा आहे याची नोंद ठेवली जाऊ लागली. बीडरमन आणि सेथ फोर्शी यांचं हे काम. तो सुपरब्लॉक मूळ नेमस्पेसचा नसेल तर त्यावरची डिव्हाइस फाइल उघडतच नाही. सेटयूआयडी बिट (ज्यामुळे प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, फाइलीच्या मालकाच्या हक्काने चालतो) फक्त त्या नेमस्पेसमधल्या किंवा तिच्या पोटातल्या प्रोसेससाठी चालतो, बाहेरून कोणी चालवला तर दुर्लक्षिला जातो. ज्या आयडीचा मॅप नाही तो ६५५३४ म्हणून, म्हणजे "नोबडी" म्हणून दिसतो आणि त्या फाइलीवर लिहिता येत नाही. फ्यूज नेमस्पेसमध्ये सोडण्याआधी हे सगळं जागेवर असणं आवश्यक होतं.

दुसरा प्रश्न बाइटचा. ईएक्सटी४ माउंट करणं म्हणजे कर्नलने त्या इमेजमधल्या सुपरब्लॉक, आयनोड टेबल, जर्नल यांवर विश्वास ठेवून चालणं. डिस्क खराब होऊ शकते हे हा कोड लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. कोणीतरी बसून, चेकसम जुळवून, एकेक फील्ड मुद्दाम वाकडं करेल आणि इमेज माउंट झालेली असताना खालून बाइटही बदलेल, असा शत्रू त्यांनी समोर ठेवलेला नाही. ईएक्सटी४ आणि एक्सएफएसचे मेंटेनर हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं. यात फाइलसिस्टिमची बदनामी नाही. तो कोड वेगळ्या भरवशावर उभा आहे एवढंच.

याचा एक धडधडीत दाखला हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंगच्या जगात आहे. अ‍ॅपटेनर, म्हणजे पूर्वीचं सिंग्युलॅरिटी, सेटयूआयडी पद्धतीने बसवलं असेल तर साध्या यूजरची ईएक्सटी इमेज कर्नलच्या ड्रायव्हरकडून माउंट करून देत असे. कर्नलच्या ईएक्सटी४मधली एक जुनी चूक त्या वाटेने साध्या यूजरच्या हाती येते, असं २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-३०५४९ (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) म्हणून जाहीर झालं आणि १.१.८ पासून ती सोय डीफॉल्टने बंद झाली. त्याआधी १.१.०मध्येच अ‍ॅपटेनरने सेटयूआयडीशिवायची पद्धत डीफॉल्ट केली होती. तिथे स्क्वॉशएफएसची (फक्त वाचायची, दाबून लहान केलेली फाइलसिस्टिम) इमेज स्क्वॉशफ्यूज उघडतो, यूजरच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये.

यावर हमखास विचारलं जातं की पेन ड्राइव्ह लावला की डेस्कटॉप साध्या यूजरला ईएक्सटी४ माउंट करून देतोच की. देतो, यूडिस्क्समार्फत, आणि डीफॉल्ट धोरणात मशीनसमोर बसलेल्या चालू सेशनलाच. समोर बसलेला माणूस आणि एसएसएचवरून आलेले शंभर विद्यार्थी यांचा धोका एकच धरायचं कारण नाही. लॅबच्या सर्व्हरवर ती तुलना लागू होत नाही.

इमेज उघडण्याची खरी वाट फ्यूजच आहे. ईएक्सटी४साठी फ्यूज२एफएस, स्क्वॉशएफएससाठी स्क्वॉशफ्यूज. वाकडे बाइट वाचून काही फुटलंच तर यूजरचाच प्रोसेस फुटतो. फ्यूजचा धोका वेगळ्या जातीचा आहे: मागचा डीमन उत्तरच देत नसेल तर त्या फाइलीला हात लावणारा प्रोसेस लटकतो. बाहेरच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला असं लटकवता येऊ नये म्हणून नेमस्पेसमधल्या फ्यूजचा "अलाउ-अदर" पर्याय त्या यूजर नेमस्पेसपुरता आणि तिच्या पोटातल्यांपुरताच चालतो. कंटेनरमध्ये /डेव्ह/फ्यूज हे डिव्हाइस बाहेरून द्यावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा. डिव्हाइसची नेमस्पेस नसते.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. सिस्टिमडी २५६ (जून २०२४) मधली माउंटएफएसडी ही सेवा साध्या यूजरच्या वतीने डिस्क इमेज माउंट करते, पण इमेज डीएम-व्हेरिटीने (बाइट बदलले तर ओळखणाऱ्या यंत्रणेने) बांधलेली आणि सिस्टिमच्या विश्वासातल्या किल्लीने सही केलेली असावी लागते. बाइट कोणी लिहिले, याचं उत्तर तिथे सही देते. मला ही दिशा फार आवडते.

ओव्हरले या दोन्ही प्रश्नांच्या मधोमध उभा आहे, म्हणून सगळ्यात जास्त जखमाही त्यालाच झाल्या. तो स्वतः डिस्क वाचत नाही, दोन डिरेक्टरी एकावर एक ठेवतो. पण खालच्या थरातली फाइल बदलायची वेळ आली की तो तिची प्रत वरच्या थरात करतो, मालक आणि परवानग्यांसकट. उबंटूने मुख्य कर्नलच्या कितीतरी आधी, स्वतःचा पॅच लावून, साध्या यूजरला ओव्हरले दिला होता. त्यातून फाइल कॅपॅबिलिटी नीट न तपासण्याची सीव्हीई-२०२१-३४९३ निघाली. मुख्य कर्नलने ५.११ मध्ये दार उघडताना ओव्हरलेच्या आतल्या खुणा "ट्रस्टेड" ऐवजी "यूजर" या एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवण्याची सोय केली. तरीही सीव्हीई-२०२३-०३८६ आलीच, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

हल्लेखोर आधी फ्यूजमध्ये अशी एक फाइल दाखवतो की जिचा मालक आयडी ० आहे आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट आहे. फ्यूजवर ती निरुपद्रवी असते, कारण तो माउंट नोसुईड, म्हणजे सेटयूआयडी बिट न मानणारा, असतो. मग तो यूजर नेमस्पेसमध्ये शिरून ओव्हरले लावतो: खालचा थर फ्यूज, वरचा थर खऱ्या डिस्कवरची त्याची स्वतःची डिरेक्टरी. त्या फाइलीला लिहिण्यासाठी उघडलं की ओव्हरले तिची प्रत वर करतो. आता खऱ्या डिस्कवर, नोसुईड नसलेल्या जागी, आयडी ०च्या मालकीची सेटयूआयडी फाइल बसली. नेमस्पेसमधून बाहेर येऊन ती चालवली की रूट. ६.२ मधली दुरुस्ती छोटी आहे: फाइलीचा मालक त्या यूजर नेमस्पेसच्या मॅपमध्ये नसेल तर प्रत करायला नकार. इथे फ्यूज त्याच्या जागी सुरक्षित होता, ओव्हरलेही बहुतेक ठीक होता. छिद्र पडलं ते दोघांच्या सांध्यात. साध्या यूजरला आणखी एक फाइलसिस्टिम उघडी करा म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो, कारण नवी फाइलसिस्टिम आधीच्या प्रत्येकीशी नवा सांधा घेऊन येते.

सीव्हीई-२०२२-०१८५ मध्ये तर कोणत्या फाइलसिस्टिमचा दोषही नव्हता. एफएसकॉन्फिग या माउंट कॉलला दिलेले पर्याय गोळा करणाऱ्या सामायिक कोडमध्ये लांबीच्या वजाबाकीची चूक होती, ५.१ पासून. तिथपर्यंत पोचायला नेमस्पेसमधली कॅप-सिस-अ‍ॅडमिन पुरेशी होती.

मग अ‍ॅडमिनने काय करावं? सर्व्हरवर कोणालाच कंटेनर किंवा सँडबॉक्स लागत नसेल तर "यूजर.मॅक्स-यूजर-नेमस्पेसेस" ही कर्नलची सेटिंग ० करा. आरएचईएल ७ मध्ये डीफॉल्ट तसंच होतं. डेबियनने मात्र २०२१ च्या ११व्या आवृत्तीपासून साध्या यूजरना मोकळीक दिली. तुमच्या लॅबमध्ये रूटलेस पॉडमन रोजचा आहे, तेव्हा बंद करणं म्हणजे विद्यार्थ्यांना डॉकर ग्रुपमध्ये घालण्याची वेळ आणणं. डॉकर ग्रुप म्हणजे सरळ होस्टचा रूट. त्यापेक्षा यूजर नेमस्पेस शंभर पटीने बरी. माझा सल्ला चालू ठेवण्याचाच आहे, पण कर्नलचे सिक्युरिटी अपडेट आले की रीबूट लांबवायचा नाही, या अटीवर. लायव्ह पॅचिंगची सोय असेल तर तीही घ्या.

उबंटू २४.०४ वर अ‍ॅपआर्मर साध्या प्रोग्रामला यूजर नेमस्पेसमधल्या कॅपॅबिलिटी वापरू देत नाही. तिथे अनशेअर "यूआयडी-मॅप"ची फाइल लिहिताना पडतं आणि लोक घाईने ही बंदी लावणारा सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) मशीनभर बंद करून मोकळे होतात. तसं करू नका. ज्या प्रोग्रामला गरज आहे त्याच्यापुरतं "यूजरएनएस" हा नियम असलेलं अ‍ॅपआर्मर प्रोफाइल लिहा, चार-पाच ओळींचं काम आहे.

मेमरीकडेही बघा. टीएमपीएफएसला साइज दिली नाही तर प्रत्येक माउंटची मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते, आणि माउंट कितीही करता येतात. म्हणून प्रत्येक यूजरच्या सिस्टिमडी स्लाइसवर "मेमरीमॅक्स" लावा. टीएमपीएफएसमधली पानं त्या सीग्रुपच्या हिशेबात धरली जातात, त्यामुळे एका विद्यार्थ्याने मशीन भरलं तर अडकेल तोच.

आणि ईएक्सटी४च्या इमेज ज्यांना हव्यात त्यांना फ्यूज२एफएस बसवून द्या. वेग कमी पडतो अशी तक्रार आली तर इमेज स्क्वॉशएफएसमध्ये बदलून घ्यायला सांगा. लॅबचे डेटासेट बहुतेक वाचायचेच असतात, त्यांना लिहिण्याजोगी फाइलसिस्टिम लागतच नाही.